सिंथेटिकची वेळ मी ठरवणार

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

गाडी आली. पांढरी. टर्बो.

शोरूममधल्या माणसानं चावी बायकोच्या हातात दिली. गाडी तिच्या नावावर आहे हे खरं, पण चावी कोणाच्या हातात द्यावी याचं काही तारतम्य असतं. मी हसतहसत ती काढून घेतली. फोटोत मी चावी धरून उभा आहे आणि हिच्या हातात फुलं आहेत. फोटो चांगला आला आहे.

गाडी का घेतली ते एकदा लिहून ठेवतो. हिला बँकेत बढती मिळाली. शाखा व्यवस्थापक. शाखा धरणाच्या पायथ्याशी, चाळीस किलोमीटर लांब, मध्ये एक मोठा चढ. २ मार्चला रुजू व्हायचंय. शाखेच्या मागेच बँक दोन खोल्यांचं क्वार्टर देते आहे. हिचं म्हणणं असं की गाडीनं जाऊनयेऊन जमलं तर उत्तम, रोज घरी येईन. नाही जमलं तर क्वार्टरमध्ये राहीन आणि शनिवार-रविवार येईन. मी म्हणालो, क्वार्टरचं नावसुद्धा काढू नकोस. मी बसलोय ना इथे. न जमायला काय झालं?

तेव्हा संकल्प: २ मार्चच्या आत इंजिन तयार करणे.

नव्या इंजिनाचे आतले भाग एकमेकांवर घासून नीट बसावे लागतात, रनिंग-इन म्हणतात त्याला. त्यासाठी सुरुवातीला साधं मिनरल तेल. हजार किलोमीटर झाले की मग सिंथेटिक. आधीच सिंथेटिक घातलं तर आत सगळं इतकं गुळगुळीत होतं की काही बसतच नाही. टर्बोला हे दुप्पट लागू. हे मला कोणी शिकवलेलं नाही. कुकरची गॅस्केटं, म्हणजे झाकणाच्या रबरी रिंगा, बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं मी स्टोअर्स सांभाळतो. तिथल्या वंगणाचा प्रत्येक थेंब माझ्या सहीनं बाहेर जातो.

नवं इंजिन तेल पितं, वर घालायला हाताशी असावं, म्हणून गाडी बुक केली त्याच दिवशी मिनरलचा पाच लिटरचा डबा आणून बाल्कनीत ठेवलाय. ही म्हणाली होती, आधी गाडी तर येऊ द्या. स्टोअर्सचं डोकं सगळ्यांना नसतं.

ही रोजनिशी फक्त इंजिनाच्या निरीक्षणांसाठी. खासगी गोष्टी इथे येणार नाहीत.

२ फेब्रुवारी, सोमवार

कारखान्यात गाडीनं गेलो. ताशी चाळीसच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं, तीसच्या वरही गेलो नाही. एका सायकलवाल्यानं मागे टाकलं, तेही घंटी वाजवून. मी मनावर घेतलं नाही. त्याला त्याच्या चेनची काळजी नसेल तर मी काय करणार.

संध्याकाळी ही म्हणाली, नाक्यापर्यंत मी चालवू का? नाही म्हणालो. सुरुवातीला इंजिनाला एकाच पायाची सवय लागली पाहिजे. ॲक्सिलरेटरवर दोन वेगवेगळे पाय पडले की इंजिन गोंधळतं. ती म्हणाली, 'हो का.' हिच्या 'हो का'चे चार-पाच प्रकार आहेत. हा कुठला ते लक्षात आलं नाही.

तिला येत नाही असं माझं म्हणणं नाही. कॉलेजात असल्यापासून वडिलांची जीप चालवायची. पण जीपला टर्बो नव्हता. मला लायसन्स उशिरा मिळालं हे खरं आहे. पहिल्या दोन वेळा परीक्षक आधीच मत बनवून आले होते.

४ फेब्रुवारी, बुधवार

कँटीनमध्ये विषय काढला. आमच्या मेंटेनन्सच्या फिटरला सगळे डिझेल म्हणतात, कारण सकाळी दोन चहा पोटात गेल्याशिवाय तो सुरू होत नाही. त्याला विचारलं, सिंथेटिक कधी घालावं? म्हणाला, साहेब, पाच हजारला. अकाउंट्सवाला म्हणाला, पहिल्या सर्व्हिसला. गेटवरचा वॉचमन म्हणाला, त्याच्या भावानं कधीच घातलं नाही आणि गाडी विकली तेव्हा चालू होती. चर्चा फार छान रंगली. जेवणाची सुट्टी संपली तरी कोणी उठेना.

निष्कर्ष: खात्रीनं कोणालाच माहीत नाही. म्हणजे हजार हाच आकडा बरोबर.

७ फेब्रुवारी, शनिवार

कोपऱ्यावर रस्ता खणलाय. धूळ. टर्बोला धूळ वाईट. तीन दिवस कारखान्यात बसनं गेलो. ही म्हणाली, गाडी घेतल्यापासून तुम्ही बसनं जास्त जाताय. मी म्हणालो, गाडी वापरणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

८ फेब्रुवारी, रविवार

मेव्हणा आला. त्याच्या तीन टूरिस्ट गाड्या आहेत, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज आहे. पार्किंगमध्ये गाडीभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारली. नव्या गाडीला. मी नंतर ओल्या फडक्यानं पुसलं.

तेलाचा विषय मी काढला. म्हणाला, भावोजी, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, बघा ना. मी म्हणालो, मॅन्युअल लाखो गाड्यांसाठी छापतात, मला माझ्या एका इंजिनाचं बघायचंय. मग त्यानं हिला विचारलं, ताई, तू चालवून बघितलीस का? ही माझ्याकडे बघायला लागली. मी पायाचा मुद्दा समजावून सांगितला. तो म्हणाला, भावोजी, माझ्या एकेका गाडीवर वर्षाला चार ड्रायव्हर बदलतात. मी म्हणालो, तेच तर दिसतंय. चहा अर्धा ठेवून गेला. ही दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलली.

११ फेब्रुवारी, बुधवार

आढावा. हजारपैकी शहाऐंशी किलोमीटर झाले. महिन्याचा तिसरा हिस्सा संपला. इंजिन मात्र अगदी उत्तम आहे.

नवा संकल्प: रोज पन्नास. उद्यापासून.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं दुखत होतं. उद्यापासून.

१४ फेब्रुवारी, शनिवार

एक वेगळाच विचार सुचला. इंजिनाला काय, चालण्याशी मतलब. गाडी पुढे जातेय की नाही ते इंजिनाला कुठे दिसतं? सकाळी पार्किंगमध्येच गाडी सुरू करून आत बसलो. धूळ नाही, खड्डे नाहीत, सायकलवाले नाहीत. पेपर वाचून झाला. इतकं शांत रनिंग-इन कोणी केलं नसेल.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्या नाक दाबून खाली आल्या. विचारलं, कुठे निघालात? म्हणालो, कुठे नाही. मग गाडी चालू कशाला? मी सविस्तर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पण असा उभ्या उभ्या किलोमीटरचा आकडा पुढे जातो का?

हे माझ्या आधीच लक्षात आलेलं होतं. गाडी बंद करून वर आलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

हिनं विषय काढला. एकदा शाखेपर्यंत जाऊन येऊ, मी चालवते, तुम्ही शेजारी बसा, चढ कसा आहे ते मला कळू दे. मागणी वाजवी आहे असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, चढावर टर्बोवर जोर येतो. अजून आतले भाग बसलेले नाहीत. हजारनंतर तू चंद्रावर ने.

तिनं विचारलं, आणि २ तारखेपर्यंत हजार झाले नाहीत तर? मी म्हणालो, होणार. तिनं विचारलं, कसे? मी म्हणालो, तो माझा प्रश्न आहे. ती म्हणाली, नाही, माझा आहे. मला रोज जायचंय. मी म्हणालो, मी नेईन की. ती म्हणाली, आणि तुमचा कारखाना? यावर विचार करायला हवा.

हॉस्टेलवरून मुलीचा फोन. बाबा, आईला चावी द्या. म्हणजे दोघींचं आधीच बोलणं झालेलं. घरात मला न विचारता कटकारस्थान. मी तिला मेकॅनिकलची बाजू समजावायला लागलो तर म्हणाली मेसची वेळ झाली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सिंथेटिकचा डबा आणला. वेळ जवळ येतेय, तयारी हवी. देखणा डबा आहे. बाल्कनीत मिनरलच्या शेजारी ठेवला. दोन्हींवर कारखान्यात करतो तशी चिठ्ठी लावली: माल, प्रमाण, आल्याची तारीख. स्टोअर्सचा पहिला नियम, आधी आलेला माल आधी बाहेर. मागचा पुढे गेला की पुढचा पडून राहतो, मुदत संपते, आणि मग ऑडिटवाले स्टोअर्सवाल्याची मान पकडतात. बावीस वर्षांत माझ्याकडे एकही वस्तू पडून सडलेली नाही.

ही कपडे वाळत घालायला आली. चिठ्ठ्या वाचल्या. विचारलं, हे काय? मी सांगितलं. ती म्हणाली, बाल्कनीचंही स्टोअर्स केलंत. मला वाटलं कौतुकानं म्हणाली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज एक गोष्ट कळली. शांतपणे लिहितो.

एकशे ऐंशीच किलोमीटर झालेत. वाटलं, हजारच्या ऐवजी पाचशेला सिंथेटिक घातलं तर चालेल का, विचारून ठेवावं. सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या माणसाला विचारलं, साध्यावरून सिंथेटिकवर नेमकं कधी जायचं? तो म्हणाला, सर, तुमच्या गाडीत कंपनीतूनच सिंथेटिक येतं. टर्बो आहे ना, पहिल्या दिवसापासून तेच आहे. तुम्हाला काही करायचं नाही, नुसती चालवा.

मी विचारलं, नक्की? हो, म्हणाला. मी विचारलं, मग आतले भाग बसणार कसे? म्हणाला, सर, तो आता पूर्वीसारखा प्रश्न राहिलेला नाही. आवाजावरून पंचविशीतला वाटला. त्याच्यासाठी पूर्वी म्हणजे काय, ते मला समजलं.

थोडा वेळ बाल्कनीत बसलो.

म्हणजे वीस दिवस मी ज्या घटकेसाठी गाडी जपत होतो, ती गाडीच्या कंपनीनं आपल्या कारखान्यातच उरकून टाकलेली. मला न विचारता. घाई, दुसरं काय. गाड्या भराभर बाहेर काढायच्या असतात त्यांना.

हिला सांगितलं नाही. सांगितलं तर लगेच चावी मागेल. आणि चावी मागितली तर न द्यायला आता काही कारण उरलेलं नाही.

संध्याकाळी. विचार पक्का झाला. समोर दोन डबे आहेत. मिनरल आधी आलंय, सिंथेटिक नंतर. सिंथेटिक आत आणि मिनरल बाहेर पडून, हे मी कुठल्याही स्टोअर्समध्ये चालू देणार नाही. कंपनीनं क्रम चुकवला, तो मी सुधारणार. आधी मिनरल जाईल, मग सिंथेटिक. रीतसर.

२२ फेब्रुवारी, रविवार

काम फत्ते. कारखान्याला सुट्टी, मागच्या अंगणात खड्डा आहे, ट्रकखाली काम करायचा. डिझेलला घरून बोलावून घेतलं. तो कुरकुरला. साहेब, मला पंप कळतो, गाडी नाही. मी म्हणालो, कळायचं काम माझं आहे, तू नट सोड. त्याच्या हातमोज्यांची मागणी मीच मंजूर करतो, त्यामुळे सोडला.

आतलं तेल बाहेर आलं. मधासारखं. डिझेल म्हणाला, साहेब, हे तर अजून नवं आहे. मी म्हणालो, रंगावर जाऊ नकोस.

मग मिनरल ओतलं. तेल मोजायच्या पट्टीवरची वरची खूण आली तरी डब्यात बरंच उरलं. डिझेल म्हणाला, बास. पण फोडलेला डबा परत साठ्यात घेता येत नाही. नियम आहे. अर्धवट डबा म्हणजे हिशेब नाही, जबाबदारी नाही, आणि वर सांडायची भीती. पूर्ण ओतला. जास्त तेल म्हणजे जास्त वंगण, साधी गोष्ट आहे. डिझेल आकाशाकडे बघत होता.

रिकामा डबा नोंदीतून वजा केला. खूप दिवसांनी मनाला बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आवाज बदललाय. पूर्वी नुसता गुणगुणायचा, आता भारदस्त झालाय. मागून किंचित निळसर धूर येतो. टर्बो मोकळा श्वास घेतोय.

डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागलाय, इंजिनाच्या चित्राचा. या गाड्या फार संवेदनशील असतात, काहीही नवीन केलं की दिवे लावत बसतात. कारखान्यातले 'तपासले' लिहिलेले हिरवे गोल स्टिकर खिशात होते, एक त्यावर लावला. छान बसला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ही म्हणाली, उद्या तरी चालवून बघू द्या. परवा रुजू व्हायचंय. मी म्हणालो, या तेलानं निदान थोडं चालायला हवं. तिनं विचारलं, या म्हणजे कुठल्या? मी म्हणालो, आहे त्या.

ती समोर येऊन बसली. बँकेनं विचारलंय, क्वार्टर हवं की नको. सोमवारी तिथे गेल्यावर सांगते असं तिनं त्यांना सांगितलंय. म्हणाली, मला रोज घरी यायचंय. सत्तावीस वर्षांत एकटी राहिले नाही, आता या वयात हौस नाही. पण सकाळी दहाला शाखेचं दार माझ्या हातून उघडलं पाहिजे. तिथे मॅनेजर म्हणून पहिल्यांदाच बाई येतेय, सगळे बघत असणार. तुम्ही मला एवढंच सांगा, गाडीचा भरवसा धरू की नको?

मी म्हणालो, डोळे झाकून धर. मीच नेतो सोमवारी. रजा टाकलीय.

ती म्हणाली, बरं. हिचं 'बरं' फार क्वचित येतं. मध्यरात्र उलटली तरी मला झोप लागत नाहीये, पण ते बहुतेक चहामुळे.

२ मार्च, सोमवार. सकाळी ८.

निघतोय. हिनं नवे कपडे घातलेत. छान दिसतेय. सांगायचं राहून गेलं, परत आल्यावर सांगेन.

सकाळी ९:२०. चढावर, रस्त्याच्या कडेला.

गाडी थांबलीय. तात्पुरती.

नोंद करून ठेवणं आवश्यक आहे. चढ लागेपर्यंत सर्व उत्तम. चढाला गाडी दम धरेना. दुसरा गिअर घेतला, पहिला घेतला. मागे इतका धूर की मागचा ट्रकवाला खिडकीतून हात हलवायला लागला. मला वाटलं ओव्हरटेक करायचंय. मग आणखी दोन दिवे लागले, लाल. एवढे स्टिकर नव्हते. मग इंजिनानंच आपण होऊन मान टाकली. शेजारी दगडाची खाण आहे, सगळीकडे पांढरी भुकटी.

हिनं हिरवा स्टिकर नखानं काढला आणि खाली काय आहे ते बघितलं. मग विचारलं, हा दिवा कधीपासून आहे? मी म्हणालो, बुधवार. तिनं पर्स घेतली आणि उतरली.

सकाळी ९:४०. तिथेच.

ही गेली. धरणाकडे शाळेची व्हॅन चालली होती, तिला हात केला. मुलांनी सरकून जागा दिली. जाताना मी म्हणालो, तेल चुकलेलं नाही, क्रम चुकला होता. व्हॅनचं दार लागत होतं, ऐकू गेलं नसावं.

मी गाडीपाशी थांबलोय. कोणीतरी थांबायला हवंच. चपलांवर भुकटी बसलीय. हिच्या नव्या कपड्यांवरही बसली असणार.

दुपारी. टोइंगवाला आला. गाडी मागे बांधली, मला त्याच्या शेजारी बसवलं. टर्बो का, म्हणाला. मी हो म्हणालो.

३ मार्च, मंगळवार

वर्कशॉपमधून फोन. तेल चुकीचं, वर मापाबाहेर. टर्बो वाचला, थोडक्यात. ते सगळं काढून त्यांनी सिंथेटिक भरलं.

म्हणजे शेवटी सिंथेटिकवर आलोच. आधी मिनरल, मग सिंथेटिक, क्रम अगदी मी ठरवलेला. एका दिवसाचा उशीर. एवढं चालतं.

ही काल सव्वाअकराला पोचली. विभागीय साहेब दहापासून दारात उभे होते. कपडे झटकून आत गेली आणि रुजू झाली. हे सगळं ती मेव्हण्याला फोनवर सांगत होती. मी पलीकडच्या खोलीत होतो, दार उघडं होतं.

६ मार्च, शुक्रवार

आठवडाभर ही बसनं जातेय, दोन बस बदलून. पहाटे निघते, अंधार पडल्यावर येते. जेवताना डोळे मिटतात. मी म्हणालो, उद्या गाडी येईल, सोमवारपासून आरामात जा. चावीही तुझ्याकडेच ठेव. अगदी मोठ्या मनानं म्हणालो. ती जेवत राहिली.

७ मार्च, शनिवार

ही परस्पर वर्कशॉपला गेली आणि गाडी घेऊन आली. घरी नाही, आधी चढापर्यंत गेली, चढ चढली, धरणावर थोडी थांबली आणि मग आली. मी विचारलं, कुठल्या गिअरमध्ये चढलीस? म्हणाली, लागेल त्या.

गाडी व्यवस्थित आहे म्हणाली. मी म्हणालो, बघ, मग झालं तर. प्रश्न मिटला. क्वार्टर नाही म्हणून कळवून टाक.

ती म्हणाली, क्वार्टर मी सोमवारीच घेतलं. सही केली. उद्या सामान नेतेय.

मी म्हणालो, पण आता गाडी ठीक आहे. ती म्हणाली, गाडी पहिल्यापासूनच ठीक होती हो. मी म्हणालो, झाली चूक, त्यात एवढं काय. ती म्हणाली, एका चुकीचं काही नाही. पण मला माझ्याच गाडीत बसायला रोज सकाळी तुमचं मन वळवायचं, आणि मग चाळीस किलोमीटर जायचं. त्यातलं चाळीस किलोमीटर मला जड नाही. अजिबात चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

८ मार्च, रविवार

ही गेली. मेव्हणा आला होता, सामान त्यानं चढवलं. मला म्हणाला, भावोजी, तुम्ही राहू द्या. एक गादी, दोन बॅगा, थोडी भांडी, नवा कुकर. किती दिवसांचं सामान आहे, विचारलं. सध्यापुरतं, म्हणाली.

कुकरला आमच्या कारखान्याची तीन गॅस्केटं दिली. एक लावायला, दोन शिल्लक. तिनं हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, सहा महिन्यांत एक संपतं. मी हिशेब केला, दीड वर्ष होतं. मला तसं म्हणायचं नव्हतं. पण परत मागून कशी घेणार?

मी गाडी गेटातून बाहेर काढून देणार होतो, मागे बघून हात दाखवत. मी जिना उतरेपर्यंत ती रस्त्याला लागली होती.

१० मार्च, मंगळवार

एकट्यानं राहण्याचे फायदे पुष्कळ आहेत. टीव्ही हवा तो लावता येतो. भांडी कमी पडतात. बाल्कनीत जागा झाली. घर मात्र मोठं वाटतं. तीनच खोल्या आहेत.

सिंथेटिकचा डबा अजून पडून आहे. गाडी इथे नाही, काढायचा कुठे?

१२ मार्च, गुरुवार

फोन केला, फक्त टर्बोची चौकशी करायला. लांब चालवल्यावर लगेच बंद करू नकोस, अर्धा मिनिट थांब, हेही सांगायचं होतं. ती म्हणाली, थांबते. गाडी छान आहे. चढ आता सवयीचा झालाय, काल तिथल्या शिपायाच्या बायकोला दवाखान्यात नेऊन आणलं. हजारही होतील बघा लवकरच. मी म्हणालो, हो का.

मग म्हणाली, तुम्ही जेवलात का? मी म्हणालो, जेवलो. नव्हतो जेवलो. त्या दिवशी छान दिसत होतीस असं सांगायचं ठरवलं होतं, पण तिकडे बेल वाजली. कोणीतरी मॅडम मॅडम करत आलं.

शनिवारी येते म्हणाली.

१३ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.

हिचा फोन. उद्या जमणार नाही, शाखेत ऑडिट निघालंय. पुढच्या शनिवारी बघते. ऑडिट म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. मी म्हणालो, काम आधी.

पार्किंग आधीच झाडून ठेवलं होतं. तरी खाली गेलो. गाडी उभी असायची तिथे टॉर्च लावून, गुडघे टेकून बघितलं. फरशी कोरडी ठाक. पहिल्या मजल्यावरच्या बाई खिडकीत होत्या. त्यांनी विचारलं, काय हरवलं? मी म्हणालो, हरवलं काही नाही. गाडीतून कुठे तेल गळत होतं का ते बघतोय. त्या म्हणाल्या, गळत होतं का? मी म्हणालो, नाही, एक थेंबही नाही. गाडीत काहीच दोष नव्हता, हे मी पहिल्यापासून सांगत होतो.